लॉनमधला खोलगट भाग दुरुस्त करून घेतला: सोरतापवाडीच्या नर्सरीचं काम, एक पावसाळा उलटल्यावर

सोरतापवाडीच्या एका नर्सरीकडून आम्ही सोसायटीच्या लॉनमधला खोलगट भाग उकरून, भरून, त्यावर नवं गवत बसवून घेतलं. काम फेब्रुवारीत झालं आणि लिहितोय ऑक्टोबरमध्ये, कारण या कामाचा निकाल पावसाळा गेल्याशिवाय लागत नाही. कार्पेट, म्हणजे मातीसकट कापून आणलेली तयार गवताची चटई, टाकल्यावर पहिला आठवडा कुणाचंही लॉन हिरवंगार दिसतं. त्या आठवड्यातले फोटो बघून काम कुणाला द्यायचं ते ठरवू नये. आमच्या लॉनवर जून ते सप्टेंबरचा सगळा पाऊस पडून गेला आहे, आणि या कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा का कापला, ते पुढे येईल.

नर्सरीचं नाव मुद्दाम देत नाही. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर सोडलं की सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत दोन्ही बाजूंना नर्सऱ्यांची रांगच लागते, आणि चांगलं काम करणारे तिथे बरेच आहेत. नावापेक्षा काम कसं ओळखायचं आणि कसं करून घ्यायचं हे कळलं तर वाचणाऱ्याला जास्त उपयोग होईल. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कालव्याच्या भरावाची दबाई, उतार, पाण्याची वाट या गोष्टी मी आयुष्यभर पाहत आलो, त्यामुळे या कामातही माझी नजर आधी गवताखाली गेली.

आमची सोसायटी हडपसरला आहे. मधल्या लॉनमधून पावसाच्या पाण्याची पाइपलाइन तिरकी गेली आहे. ती टाकताना खोदलेला चर ज्यानं भरला त्यानं हाताशी होतं ते आत लोटलं आणि वर वीतभर माती पसरून लॉन लावलं. दोन-तीन पावसाळ्यांत तो भराव बसला. सुमारे २० फूट लांब आणि ९ फूट रुंद असा पट्टा खाली गेला, मधोमध चांगला ५ इंच. पाऊस थांबल्यावर बाकीचं लॉन तासाभरात चालण्याजोगं व्हायचं, आणि या पट्ट्यात दोन-दोन दिवस पाणी उभं असायचं. मुळांना हवा मिळाली नाही की गवत मरतं, जागा उघडी पडते, तिच्यावर शेवाळ चढतं. एक आजी तिथे घसरल्या, त्यानंतर समितीनं विषय मनावर घेतला.

आम्ही तीन ठिकाणांहून दर मागवले. पहिल्या ठेकेदारानं गवतावरच एक ट्रॉली वाळू टाकून वर कार्पेट अंथरतो म्हणून सांगितलं, ९ हजारांत. हे काम कुणी स्वीकारू नये असं मी मनापासून सांगतो. मेलेलं गवत खाली कुजतं, त्याचा चिकट थर होतो आणि नव्या कार्पेटची मुळं त्याच्या खाली उतरत नाहीत. शिवाय चिकण मातीच्या खोलगटीत नुसती वाळू भरली की ती पाण्यानं भरलेल्या वाटीसारखी होते. वाळूतून पाणी झर्रकन खाली येतं आणि तळाच्या मातीवर अडून बसतं. वरून सपाट दिसतं, पाय ठेवला की पचपचतं. दुसऱ्या ठेकेदारानं फोनवरच चौरस फुटाचा दर सांगितला, जागा बघायलाही आला नाही.

सोरतापवाडीचे दादा मात्र पहार घेऊन आले. पट्ट्यात चार ठिकाणी पहार मारून पाहिली. तिसऱ्या जागी ती खण्णकन विटेवर आदळली. मग म्हणाले, "काका, गवत काय उद्याबी टाकता येतंय. आधी हे बसतंय कशानं ते बघू. लाइन गळत असली तर मी कितीबी माती टाकली तरी वाहून जायाची." त्यांनी लाइन दोन्हीकडून बंद करून चेंबरपर्यंत, म्हणजे लाइनवरच्या तपासणीच्या हौदापर्यंत, पाण्यानं भरायला लावली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पातळी तशीच होती. म्हणजे पाइप धड होता, दोष भरावाचाच होता. हे दर ठरायच्याही आधीचं, आणि त्याचा त्यांनी एक रुपया घेतला नाही. माझ्या मनात काम त्यांना त्याच वेळी गेलं.

त्यांचं कोटेशन साडेबावीस हजारांचं होतं. कार्पेट २०० चौरस फूट, दर १४ रुपये, म्हणजे २,८००. लाल माती एक ब्रास (१०० घनफूट), वाहतुकीसह ५,५००. मुरूम १,५००. शेणखत १,२००. राडारोडा उचलून नेणं १,९००. मजुरी ९,६००. हे आकडे नीट पाहा. गवताचा खर्च एकूण खर्चाच्या आठव्या हिश्श्याइतकाच आहे, बाकी सगळा गवताखालचा. समितीत यावरून बरीच चर्चा झाली. "लॉनला साडेबावीस हजार?" असं दोघातिघांनी विचारलं. ९ हजारांचं काम दोन वर्षांनी पुन्हा करावं लागेल हे मी कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा मंजुरी मिळाली.

आता प्रत्यक्ष काम. आधी त्यांनी लेव्हल ट्यूब, म्हणजे गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन पट्ट्याची हद्द काढली आणि फक्कीनं आखली. डोळ्यांना दिसणारा खोलगट भाग आणि खरा खोलगट भाग यांत कडेनं दीड-दोन फुटांचा फरक निघाला. कडेचं जिवंत गवत दोन इंच मातीसकट चौकोनी तुकड्यांत कापून काढलं आणि बकुळीच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलं. ते नंतर कडेलाच परत बसवलं. नवं आणि जुनं गवत एका जातीचं असलं तरी रंगात काही महिने फरक राहतो. जुनं गवत कडेला आलं की तो सांधा डोळ्यांत भरत नाही.

मग खोदाई. निघालं काय काय: अर्ध्या विटा, प्लास्टरची ढेपं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फरशीचे तुकडे, एक घमेलं. गोण्यांच्या घड्यांत पोकळ्या राहिल्या होत्या, त्यात वरची माती दर पावसात थोडी थोडी उतरत होती. पाइपच्या वर वीतभर माती ठेवून बाकी सगळं उपसलं.

भराव त्यांनी थराथरानं केला आणि हा या कामाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. खाली मुरूम आणि चाळून घेतलेली जुनी माती, सहा-सहा इंचांचे थर. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मसानं ठोकायचं. माती फार कोरडी असेल तर धुम्मस नुसता धुरळा उडवतो, फार ओली असेल तर ती बाजूला पळते. हातात घेऊन मूठ वळली की गोळा व्हावा आणि तळवा ओला होऊ नये, इतकीच ओल हवी. दादांच्या माणसांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मी खुर्ची टाकून बसलो होतो, एकदाही बोलावं लागलं नाही. वरचे सहा इंच मात्र त्यांनी ठोकले नाहीत, हेही बरोबर. भराव घट्ट हवा, पण मुळांचा थर भुसभुशीत लागतो. ज्यांना बांधकामाची सवय आहे ते वरपर्यंत ठोकत जातात आणि मग गवत वाढत नाही म्हणून खताला दोष देतात.

वरच्या थराला कोणती माती? आमची मूळ जमीन काळी, पण लॉन केलं तेव्हा तिच्यावर लाल माती टाकलेली होती. दादांनी शेजारच्या चांगल्या लॉनमधून एक ढेकूळ काढून पाहिलं आणि तशीच लाल माती आणली, त्यात चौथा हिस्सा चाळलेलं शेणखत. आजूबाजूला जी माती आहे तिच्याशी मिळतीजुळती माती भरली की पाणी सगळीकडे सारख्या वेगानं मुरतं. नुसती काळी माती भरली असती तर पावसाळ्यात फुगली असती, एप्रिलमध्ये तिला भेगा पडल्या असत्या आणि लेव्हल दर ऋतूत बदलत राहिली असती.

शेणखताबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. ते पूर्ण कुजलेलं, वास न येणारं आणि हातात कुस्करलं की चहापत्तीसारखं मोकळं होणारं असावं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. ऊस करणाऱ्यांना ही अळी माहीत आहे. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात आणि परत मातीत अंडी घालतात. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी गवताची मुळं खात जाते. लॉनला पिवळे डाग पडतात आणि हातानं ओढलं तर गवत चटईसारखं उचललं जातं. आमच्याकडे आलेलं खत चांगलं होतं. मी गोणीगोणीत हात घालून पाहिलं.

माती भरल्यावर त्यांनी लगेच कार्पेट टाकलं नाही. मधोमध बोटभर उंच ठेवून भराव पाण्यानं भिजवला आणि आठवडाभराहून अधिक तसाच बसू दिला. सोसायटीत कुरकुर सुरू झाली, मुलांची खेळायची जागा अडली होती. मी सगळ्यांना सांगत होतो, बसू द्या, जे बसायचं आहे ते आत्ता बसू द्या. त्या दिवसांत माती खरोखर बसली, दोन ठिकाणी पुन्हा टाकावी लागली. मग अ‍ॅल्युमिनियमचा पाटा ओढून उतार काढला, चेंबरच्या दिशेनं १०० ला १. म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला कळतो. आणि शेवटची लेव्हल शेजारच्या मातीपेक्षा एक इंच खाली धरली, कारण कार्पेटची स्वतःची जाडी तेवढी असते. ही एक इंचाची गोष्ट कित्येकजण विसरतात, आणि मग खड्ड्याच्या जागी उंचवटा तयार होतो.

गवताची निवड. आमचं जुनं लॉन मेक्सिकन आहे. नर्सरीत ज्याला मेक्सिकन म्हणतात ते झोयशिया. बारीक पानाचं, दाट आणि फार सावकाश वाढणारं. मुळ्या टोचून लावणी केली तर जागा भरायला कित्येक महिने जातात, तोवर तणच मालक होतं. झोयशियाचं बी उगवायलाही संथ आणि कटकटीचं असतं, म्हणून ऑनलाइन पाकिटांच्या नादी मी लागलो नाही. छोट्या तुकड्याला कार्पेटच योग्य. जागा मोठी असेल, दिवसभर ऊन असेल आणि खर्च आवरायचा असेल तर हरळीच्या कुळातल्या सिलेक्शन जातीची लावणी दादा स्वतःच सुचवतात. ती भराभर पसरते. तिला सावली मात्र सोसत नाही, आणि कापणी वरचेवर करावी लागते. आमच्या पट्ट्यावर दुपारनंतर बकुळीची सावली येते, तिथे मेक्सिकनच बरं.

कार्पेट निवडायला मी नर्सरीत गेलो होतो, आणि प्रत्येकानं जावं. वरून सगळी कार्पेटं सारखीच दिसतात. उलटं करून बघायचं. खाली पांढरी, ताजी मुळं जाळीसारखी विणलेली हवीत, मातीचा थर बोटाएवढा आणि सारखा हवा. काळी, मऊ पडलेली मुळं दिसली तर घेऊ नये. दोन हातांत धरून उचललं की तुकडा तुटता कामा नये. आणि लव्हाळा हे चिवट तण त्यात आहे का ते शोधायचं. त्याचं पान गवतापेक्षा चकचकीत, देठ तिकोनी, आणि खाली गाठ. एक गाठ आली की वर्षभरात तिच्या माळा होतात. उपटून तो जात नाही, वरचं पान हातात येतं आणि गाठ आतच राहते. मी एक वाफा या कारणानं नाकारला. दादांनी काही न बोलता दुसरा दाखवला.

कापलेला अर्धा गुण इथे आहे. कार्पेट सकाळी येणार असं ठरलं होतं, टेम्पो आला भर दुपारी. घट्ट रचून ताडपत्रीखाली ठेवलेलं गवत आतून तापतं. मधल्या थरातले बरेच तुकडे पिवळे पडले होते, हात घातला तर कोमट लागत होते. बसवले तरी ते जगले नाहीत. फोन केल्यावर दादांनी तेवढे तुकडे पैसे न घेता बदलून दिले, हे खरं. पण माणसं परत आली ती बऱ्याच दिवसांनी, आणि तोवर तो भाग उघडा राहून कडेनं वाळत गेला. दुसरं म्हणजे बिल. त्यांनी वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला. घरगुती बागेला चालेल, सोसायटीला ऑडिट असतं. पक्कं बिल मिळवायला आमच्या खजिनदारांना पाठपुरावा करावा लागला.

बसवण्याचं काम सुरेख झालं. विटांच्या बांधकामासारखे सांधे एकाआड एक, कुठेही चार कोपरे एकत्र आलेले नाहीत. फटींत चाळलेली माती भरली, वरून हातरूळ फिरवला आणि लगेच पाणी दिलं. पाणी पुरेसं झालं का हे पाहायला एक कोपरा उचलून खालची माती दाबायची. कार्पेट ओलं आणि खाली कोरडं असेल तर मुळं वरच घुटमळतात. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ, मग एकदा, मग एकाआड असं पाणी कमी करत नेलं. पाणी आमच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचं. त्यात क्षार असतात, म्हणून अधूनमधून एक पाळी बोअरच्या गोड्या पाण्याची देतो. कोपरा ओढून पाहिला आणि तो जमिनीला धरून राहिला, तेव्हा दोरी काढून मुलांना आत सोडलं. त्याआधी यंत्रही फिरवू दिलं नाही आणि खतही घातलं नाही. मुळं धरल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) पाण्यात विरघळवून हलक्या मात्रेत दिलं. युरिया फेकून घालण्याचा आग्रह आमच्या माळ्यानं धरला होता. ओल्या पानावर दाणा बसला आणि ऊन लागलं की पान करपतं, म्हणून मी नको म्हटलं.

बाकी लॉनमध्ये अर्धा-पाऊण इंचाचे लहान खळगे होते, त्यांना उकरायची गरज नव्हती. तिथे दादांनी गवत बारीक कापून तीच चाळलेली माती पातळ पसरली, बोटाच्या निम्म्या पेराएवढी, आणि खराट्यानं अशी सारली की गवताचे शेंडे वर दिसत राहतील. गवत त्यातून वर आलं की पुन्हा एक थर. शेंडे झाकले गेले तर खालचं गवत गुदमरतं. हे काम कुणालाही घरी करता येईल, त्याला ठेकेदार लागत नाही. गवत वाढीला लागलेलं असताना करायचं, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीअखेरपासून पुढे. थंडीत मेक्सिकन जवळजवळ थांबलेलं असतं.

पावसाळ्यात काय झालं? जुलैच्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन मुद्दाम तिथे उभा राहिलो. पाणी पट्ट्यावरून चेंबरकडे सरकताना दिसत होतं. पाऊस थांबल्यावर तासाभरानं चप्पल ओली होत होती, पण पाय रुतत नव्हता. सप्टेंबरअखेर पुन्हा लेव्हल ट्यूब लावली. पट्ट्याच्या मध्यावर जेमतेम पाव इंच बसलंय, इतकं कुठल्याही भरावात बसतं. कडेचे सांधे आता शोधूनही सापडत नाहीत. बदललेल्या तुकड्यांपैकी एकाच्या कडेला लव्हाळ्याची पाच-सहा रोपं आली आहेत. ती मी खुरप्यानं गाठीसकट खोल काढतोय, आणि दर आठवड्याला बघतोय.

क्लबहाऊसमागचा पट्टाही असाच खाली जातोय. त्याचं कोटेशन मी याच दादांकडून मागवलं आहे. त्यात दोन अटी लेखी घातल्या आहेत: कार्पेट सकाळी आठच्या आत जागेवर उतरवायचं, आणि काम संपताना पक्कं बिल द्यायचं. दोन्ही त्यांनी मान्य केल्या आहेत.